जुनीं मनगटी घड्याळें : त्यांचा संग्रह व त्यांचीं छायाचित्रें

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत मनगटी घड्याळांवर लेख यावा, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. ताम्रपट, सनदा, मोडी दप्तरें व नाणीं ह्यांच्या पंक्तीस कालपरवांपर्यंत हातावर बांधलेली वस्तु कशी बसवावी, असा आक्षेप येणारच. त्यास उत्तर असें कीं, जिच्यावर विकणाराचें नांव, गांवाचें नांव, क्रमांक, आणि क्वचित् धन्याचें नांव व सालहि कोरलेलें असतें, ती वस्तु इतिहासाचें साधन नव्हे असें कोणत्या न्यायानें म्हणावें ? पुष्कळ नाण्यांवर ह्याहून कमीच मजकूर असतो. जुन्या कागदाविषयीं आपण तीन प्रश्न विचारतों : हा अस्सल आहे काय, हा केव्हांचा, आणि मागाहून ह्यावर कोणाचा हात फिरला आहे काय. तेच तीन प्रश्न घड्याळासहि विचारतां येतात. आणि त्यांतील तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देणाऱ्या खुणा आज फार वेगानें पुसल्या जात आहेत. ह्या खुणा कोणत्या, त्या ओळखाव्या कशा, व छायाचित्रानें त्या राखाव्या कशा, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

घड्याळ हा शब्द घटी, घटिका ह्या संस्कृत शब्दांच्या कुळांतील आहे. बुडाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें पात्र पाण्यावर सोडावें, तें भरून बुडालें म्हणजे एक घटिका, अर्थात् २४ मिनिटें झालीं असें समजावें, व अशा ६० घटिकांचा एक अहोरात्र धरावा, ही गणना आपल्या परिचयाची आहे. त्या पात्रावर नजर ठेवण्यास माणूस बसवावा लागे आणि त्यानें दिलेला टोल साऱ्या वस्तीस ऐकूं जाई; वेळ ही गांवाची होती. खिशांतील घड्याळानें ती घरची झाली व मनगटावरच्या घड्याळानें ज्याची त्याची झाली. मुंबई शहराची हकीकत ह्या बाबतींत लक्षांत घेण्याजोगी आहे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास ठरली, तरी मुंबईनें आपली ४ तास ५१ मिनिटांची जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. म्हणजे सुमारें अर्धशतक एकाच शहरांत ३९ मिनिटांच्या अंतरानें दोन वेळा नांदत होत्या. अशा शहरांत स्वतःचें घड्याळ बाळगणें ही निवळ चैन नव्हती, असें मानण्यास पुष्कळ जागा आहे.

मनगटावर घड्याळ बांधण्याची कल्पना मूळची स्त्रियांच्या दागिन्याची. जिनीव्हा येथील पातेक फिलिप ह्या पेढीनें १८६८ सालीं हंगेरींतील एका काउंटेसकरितां कंकणांत बसविलेलें घड्याळ केलें, तें ह्या प्रकाराचें एक प्रसिद्ध जुनें उदाहरण होय. पुरुष खिशांतील घड्याळ व त्याची सांखळी हीच प्रतिष्ठेची खूण मानीत. १९०४ च्या सुमारास पॅरिसचा जवाहीर लुई कार्तिए ह्यानें सांतोस-द्युमों नामक ब्राझीलच्या विमानविद्याविशारदासाठीं मनगटी घड्याळ तयार केलें. दोन्ही हात यंत्रांत गुंतले असतां खिशांत हात घालणें कसें जमावें? तथापि पुरुषांचा संकोच खरोखर मोडला तो १९१४-१८ च्या महायुद्धांत. खंदकांतून ठरल्या मिनिटास बाहेर पडावयाचें असे, आणि वेळ अंधारांत दिसावी लागे. तेव्हां लहान घड्याळास दोन बाजूंनीं तारेच्या कड्या जोडून त्यांत पट्टा ओंवीत, व आंकड्यांवर आणि कांट्यांवर रेडियमचा लेप देत. अशा तारेच्या कड्या दिसल्या कीं घड्याळ बहुधा १९३० च्या आधींचें समजावें. आणखी एका घड्याळाचा आमच्या देशाशीं गमतीचा संबंध आहे. हिंदुस्थानांत पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या कांचा फुटत. म्हणून सबंध घड्याळ चौकटींत उलटें फिरवून धातूची पाठ वर आणतां येईल अशी योजना निघाली, व १९३१ सालीं 'रेव्हर्सो' हें घड्याळ जन्मास आलें. तें स्वित्झर्लंडांत आजहि निघतें. पोलोचा खेळ मात्र तें घेणारांपैकीं शेंकडा किती जण खेळत असतील, हा प्रश्न निराळा.

आमच्याकडील व्यापाराचा इतिहास मनगटी घड्याळाहून जुना आहे. फेवर-ल्यूबा ह्या स्विस पेढीनें १८६५ मध्येंच मुंबईस आपलें ठाणें केलें. वेस्ट एंड वॉच कंपनी ही १८८६ पासूनची. तिच्या जुन्या तबकड्यांवर कंपनीच्या नांवाखालीं मुंबई व कलकत्ता हीं गांवें रोमन अक्षरांत छापलेलीं आढळतात. तिच्या एका नामांकित घड्याळाचें नांव 'सोवार प्रायमा'. त्यांतील सोवार म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून फारशी 'सवार', म्हणजे आपला स्वार. स्वित्झर्लंडच्या डोंगरांत यंत्र तयार व्हावें, त्यास घोडेस्वाराचें नांव मिळावें, आणि त्याच्या तोंडावर मुंबईचा शिक्का बसावा, ही एकच तबकडी त्या काळच्या व्यापारावर जितका प्रकाश पाडते तितका एखादें पानभर पत्रहि पाडीत नाहीं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. परदेशी घड्याळ दुर्मिळ व महाग झालें, आणि चोरट्या मार्गानें येऊं लागलें. १९५३ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स ह्या सरकारी कंपनीनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ मध्यें बंगळूर येथें घड्याळांचा कारखाना काढला. एच्.एम्.टी. ह्या तीन अक्षरांनीं ती घरोघर पोंचली. तिचें 'जनता' हें हातानें चावी देण्याचें, १७ माणकांचें घड्याळ ज्यानें पाहिलें नाहीं असा चाळिशीच्या पलीकडचा मराठी माणूस विरळा. त्याच्या कांहीं तबकड्यांवर 'जनता' हा शब्द देवनागरींत छापलेला आहे. पुढें २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सेको कंपनीनें गारेच्या स्फटिकाच्या कंपनावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें आणि कमानीच्या घड्याळांचे दिवस भरत आले. १९८७ पासून टायटनचीं स्फटिकाचीं घड्याळें आपल्या बाजारांत आलीं. २०१६ सालीं केंद्र सरकारनें एच्.एम्.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केला. म्हणजे जनता घड्याळाचा इतिहास आतां पुरा होऊन संशोधकाच्या हातीं आला आहे. असें असतां त्याचे कागद, म्हणजे तीं घड्याळेंच, बाजारांत रोज बदलत आहेत.

ती बदलण्याची क्रिया समजण्यासाठीं यंत्राची थोडी ओळख हवी. घड्याळजी ज्यास 'मशीन' म्हणतात त्यांत एका डबींत गुंडाळलेली कमान असते. चावी दिली म्हणजे ती आवळते व सुटतांना चाकांची माळ फिरवूं पाहते. तिला एकदम सुटूं न देतां थेंबाथेंबानें सोडण्याचें काम बॅलन्स नांवाचें चाक करतें. केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर तें मागेंपुढें झुलतें, व प्रत्येक झोक्यास चाकांची माळ एक पाऊल पुढें जाते. जनतेचें बॅलन्स तासास १८,००० ठोके देतें, म्हणजे सेकंदास पांच. चाकांचे आंस झिजूं नयेत म्हणून ते कृत्रिम माणकांच्या भोंकांत बसवितात. 'सतरा ज्युवेल' ह्या शब्दांचा अर्थ एवढाच. त्या माणकांस जवाहिऱ्याकडे किंमत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट ही कीं, तबकडीवर ज्याचें नांव तो यंत्राचा कर्ता असतोच असें नाहीं. स्वित्झर्लंडांत यंत्राचे सांगाडे करणारे कारखाने वेगळे होते. ते शेंकडों नांवांच्या विक्रेत्यांस एकच यंत्र पुरवीत. त्या खऱ्या कर्त्याची लहानशी मुद्रा व यंत्राचा अनुक्रमांक बहुधा बॅलन्सच्या चाकाखालीं, पट्टीवर ठोकलेला असतो. भिंगानें तो वाचावा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचें नांव निराळें आणि शेवटच्या पानावरील मुद्रकाचें नांव निराळें, तसाच हा प्रकार आहे. मुद्रकाचें नांव पाहिल्यावांचून जो ग्रंथाचा काळ ठरवितो त्याच्या निर्णयावर आपण किती भरंवसा ठेवूं ? ज्या कारखान्यांनीं स्वतःचीं यंत्रें केलीं व त्यांच्या नोंदी राखल्या, त्यांची गोष्ट सुखाची. सेंट-इमिए येथील लाँजिन कारखाना १८६७ चा. त्याच्या हस्तलिखित वह्या जतन केलेल्या असून यंत्रावरचा क्रमांक कळविला असतां घड्याळ केव्हां व कोणत्या देशास गेलें हें पुष्कळदां समजतें. जगांतील सगळींच दप्तरें इतकीं नीट असतीं तर संशोधकांचें अर्धें आयुष्य वांचतें.

तबकडी हा घड्याळाचा सर्वांत नाजूक व सर्वांत बोलका भाग. दमट हवेनें तिच्यावर डाग पडतात, रंगाचे पापुद्रे निघतात, अक्षरें उडतात. असें घड्याळ गिऱ्हाइकास आवडत नाहीं. मग ती तबकडी खरडून, तिला नवा रंग देऊन, तिच्यावर जुनें नांव पुन्हां छापतात. आमच्याकडे हा धंदाच झाला आहे, आणि परदेशांतील संग्राहकांत मुंबईहून येणाऱ्या अशा भडक घड्याळांस 'मुंबई स्पेशल' असें नांवहि पडलें आहे. ह्या कारागिरांस नांवें ठेवण्याची माझी इच्छा नाहीं. अपुऱ्या उजेडांत, साध्या हत्यारांनीं, बोटाच्या पेराएवढ्या गोलावर साठ रेघा ओढणें हें सामान्य कसब नव्हे, आणि पोटासाठीं केलेल्या कामांत लबाडी सर्वस्वीं त्यांचीच असते असेंहि नाहीं. परंतु संशोधनदृष्ट्या हानि व्हावयाची ती होतेच. ग्रंथांच्या पाठचिकित्सेंत ज्यांनीं थोडें काम केलें आहे त्यांस हें लवकर पटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तसल्या कामांत अडाणी नकलनवीसापेक्षां शहाणा नकलनवीस अधिक घातक ठरतो. अडाण्याची चूक निरर्थक असल्यामुळें चटकन् दिसते, व तिच्याखालून मूळ पाठ ओळखतां येतो. शहाणा मात्र डागाळलेल्या जागीं आपल्या मतें सुंदर शब्द बसवितो आणि मूळ पाठ कायमचा गिळतो. रंगविलेली तबकडी हा शहाण्या नकलनवीसाचा पाठ आहे.

तो ओळखण्याचीं गमकें पुढीलप्रमाणें. मूळ छपाईंतील अक्षरें भिंगाखालीं कांठांशीं धारदार दिसतात; नव्यांचे कांठ फुगलेले असतात. मिनिटांच्या साठ रेघा मोजून पाहाव्या : पहिल्या चाळीस ऐसपैस आणि शेवटच्या वीस दाटीवाटीनें बसल्या असतील तर हात नवा. सहाच्या आंकड्याखालीं, अगदीं कांठाशीं, स्विस बनावटीचा जो बारीक उल्लेख असतो तो गळलेला किंवा जागा सोडून छापलेला आढळतो. सेकंदकांट्याच्या छोट्या गोलांत मूळच्या बारीक वर्तुळाकार रेघा असतात, त्यांत रंग भरून त्या बुजतात. तबकडी नेमकी बसावी म्हणून पुन्हां छापणारे कांहीं वेळां तिच्या कडेस लहानशी खांच पाडतात. तशी खांच दिसली कीं वादच मिटला. शब्दांचेंहि प्रामाण्य पाहावें. 'इन्काब्लॉक' हें धक्क्यापासून बॅलन्सचें रक्षण करणारें साधन १९३४ च्या सुमारास प्रचारांत आलें. तो शब्द ज्या तबकडीवर आहे तें घड्याळ पहिल्या महायुद्धांतील आहे असें विक्रेता शपथेवर सांगूं लागला तरी ऐकूं नये. शिवाजीमहाराजांच्या पत्रांत पेशवाईंतील नेमणुकीचा उल्लेख सांपडावा, तशांतली ही गोष्ट.

सर्वांत विलक्षण पुरावा रेडियमचा आहे. अंधारांत चकाकणारा जुना लेप म्हणजे जस्ताच्या एका संयुगांत मिसळलेलें रेडियम. रेडियमचें तेज निम्मे होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात, म्हणून तें आजहि जसेंच्या तसें आहे. मात्र त्याच्या माऱ्यानें तें संयुग थकतें, व कांहीं दशकांनीं लेप चकाकेनासा होतो. १९६० नंतर रेडियम मागें पडून ट्रिटियम आलें, आणि १९९३ मध्यें जपानांत किरणोत्सर्ग नसलेला नवा लेप निघाला. ह्यावरून सरळ निष्पन्न होतें कीं, १९४५ चें म्हणून दाखविलेलें घड्याळ रात्रीं लख्ख चकाकत असेल तर तो लेप मागाहूनचा आहे. दुसरी खूण ह्याहून सूक्ष्म. लेप लावलेले कांटे वर्षानुवर्षें एकाच जागीं थांबून राहिले तर त्यांच्याखालची तबकडी किरणांनीं करपते, व कांटे हलविल्यावर त्यांची पिंगट छाया तेथेंच राहते. ती छाया आणि सध्यांचे कांटे ह्यांचा आकार जुळला तर कांटे आणि तबकडी पुष्कळ काळ एकत्र होते हें सिद्ध. एखादें घड्याळ कपाटांत कोणत्या वेळेस थांबलें होतें हेंहि त्या छायेवरून वाचतां येतें. मात्र ह्या लेपाशीं खेळूं नये. अमेरिकेंत अशा तबकड्या रंगवितांना कुंचला ओंठांनीं टोंकदार करणाऱ्या तरुणी १९२० नंतरच्या दशकांत भयंकर रोगांनीं मेल्या. लेप खरवडूं नये, त्याची पूड श्वासांत जाऊं देऊं नये, झांकण उघडल्यास हात धुवावे, व अशीं घड्याळें निजण्याच्या खोलींत ठेवूं नयेत.

घड्याळाच्या पाठीच्या झांकणाची आंतली बाजू ही माझ्या मतें त्याची खरी बखर. घड्याळजी यंत्र साफ केल्यावर तेथें सुईनें बारीक अक्षरांत तारीख, आपली खूण किंवा पावतीचा क्रमांक कोरून ठेवीत, हेतु हा कीं तेंच घड्याळ परत आलें तर हिशेब लागावा. माझ्याजवळील एका जनता घड्याळाच्या झांकणांत अशा पांच नोंदी आहेत. पहिली १९७१ ची, शेवटची १९८९ ची. अंतर चार-पांच वर्षांचें, आणि तीन नोंदींचा हात एकच. त्या मालकानें घड्याळ नेमानें साफ करविलें, व तें बहुधा एकाच माणसाकडून, एवढें निश्चित म्हणतां येतें. १९८९ नंतर काय झालें तें झांकण सांगत नाहीं. घरांत स्फटिकाचें घड्याळ आलें असेल, किंवा मालक गेला असेल. अनुमानास येथें थांबलें पाहिजे.

बाहेरच्या बाजूस कोरलेला मजकूर ह्याहून मोलाचा, आणि धोकाहि त्यासच अधिक. लग्नांत जांवयास, परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या मुलास, नोकरींतून निवृत्त होणारास घड्याळ देण्याची चाल आमच्याकडे पुष्कळ वर्षें होती, व पाठीवर नांव आणि साल कोरवून घेत. कांहीं वर्षांपूर्वीं एका दुकानांत एच्.एम्.टी.चीं घड्याळें चकचकीत करून ठेवलेलीं पाहिलीं. त्यांतील एकाच्या पाठीवर ओळींची पुसट छाया दिसली. परवानगी घेऊन, दिवा अगदीं आडवा धरून छायाचित्र काढलें, तेव्हां 'सेवानिवृत्ति' हा शब्द व १९७४ हें साल लागलें. त्याच्या वरची ओळ, म्हणजे ज्या गृहस्थाचा सत्कार झाला त्याचें नांव, घांसण्याच्या चाकानें सपाट झालेलें होतें. दुकानदारानें निष्पापपणें सांगितलें कीं नांव असलें म्हणजे गिऱ्हाईक घेत नाहीं, म्हणून तें आधीं काढावें लागतें. त्याच्या बाजूनें तें खरेंच आहे. दुसऱ्याचें नांव हातावर बांधून कोण फिरेल ? परंतु कोणा तरी कारकुनाच्या किंवा मास्तराच्या तीस वर्षांच्या नोकरीचा तो एकुलता एक कोरीव लेख असूं शकतो, आणि तो मिटविण्यास अर्धें मिनिट पुरलें. चाक फिरण्याच्या आधीं कोणी एक छायाचित्र घेतलें असतें तर तें नांव राहिलें असतें. दुकानदाराचेंहि त्यांत कांहीं गेलें नसतें.

म्हणून छायाचित्र हें ह्या छंदाचें भूषण नसून त्याचा कणा आहे असें मी समजतों. आजकाल घड्याळांचीं जीं छायाचित्रें सर्वत्र दिसतात तीं बहुतेक शोभेचीं : मागें लाकडाचा पृष्ठभाग, शेजारीं पुस्तक, व कांटे दहा वाजून दहा मिनिटांवर. कर्त्याचें नांव मोकळें दिसावें व एकंदर आकृति प्रसन्न वाटावी म्हणून जाहिरातवाल्यांनीं ती जागा ठरविली आहे. तीस माझा विरोध नाहीं. परंतु संशोधकानें पहिलें छायाचित्र घड्याळ जसें सांपडलें तसें, धूळ न पुसतां, कांटे न हलवितां घ्यावें. वर सांगितलेली करपलेली छाया कांटे फिरविण्याआधीं व फिरविल्यानंतर, अशी दोनदां टिपावी. मगच कांटे अशा जागीं न्यावे कीं कोणतेंहि अक्षर झांकलें जाणार नाहीं.

प्रकाशाविषयीं थोडें विस्तारानें सांगतों, कारण येथेंच बहुतेकांचे हाल होतात. घड्याळाची जुनी कांच फुगीर असते, तींत खिडकी, दिवा, छायाचित्र घेणाराचें नाकसुद्धां उमटतें. उत्तरेकडील खिडकीचा, ऊन नसलेला उजेड सर्वांत बरा. खिडकीस पातळ पांढरें कापड अथवा ट्रेसिंगचा कागद लावावा. कॅमेऱ्यासमोर काळा पुठ्ठा धरून त्यास भोंक पाडावें व भिंग तेवढें त्यांतून बाहेर काढावें, म्हणजे कांचेंत प्रतिबिंब पडावयाचें तें काळ्याचेंच पडतें. एवढ्यानें न भागल्यास घड्याळ किंचित् कलतें करावें. कॅमेरा तिपाईवर ठेवावा व हाताचा स्पर्श टाळण्यासाठीं विलंबानें उघडणारी कळ वापरावी. फार जवळून चित्र घेतांना तबकडी स्पष्ट आली तर कांटे पुसट येतात. अशा वेळीं थोड्या थोड्या अंतरानें अनेक चित्रें घेऊन संगणकावर एक करतां येतात, परंतु मूळ चित्रें टाकून देऊं नयेत.

कोरलेल्या मजकुरासाठीं मात्र हा सर्व सौम्यपणा निरुपयोगी. खोलींत अंधार करावा, आणि एकच बारीक दिवा धातूच्या पृष्ठभागाशीं जवळजवळ समांतर धरून घड्याळाभोंवतीं फिरवावा. शिळालेख वाचणारांस हें नवें नाहीं. भर दुपारीं जो दगड कोरा वाटतो तोच सकाळच्या तिरप्या उन्हांत वाचतां येतो. दिव्याच्या चार दिशांचीं चार चित्रें घ्यावीं, कारण आडव्या रेघा एका दिशेनें उठतात व उभ्या दुसऱ्या.

मोबाईलच्या कॅमेऱ्यानेंहि हें काम होतें, पण त्याचा एक दोष ध्यानांत ठेवावा. चित्र 'सुधारण्याची' त्यास सवय असते : डाग सौम्य करणें, कांठ धारदार करणें, रंग खुलविणें. तबकडीचा जुना पिवळेपणा त्यास दोष वाटतो. शहाणा नकलनवीस तो येथेंहि भेटतोच. शक्य तर ही सुधारणा बंद करावी, घड्याळाशेजारीं शुभ्र कागदाचा तुकडा व मिलिमीटरची पट्टी ठेवावी, म्हणजे रंग व माप दोन्ही पुढें पडताळतां येतात. एका घड्याळाचीं निदान सहा चित्रें असावीं : तबकडी, पाठ, झांकणाची आंतली बाजू, यंत्र, चावीकडची कड, व पट्टा बकलासह. झांकण स्वतः उघडण्याचें साहस करूं नये. घड्याळजीपाशीं बसून, साफसफाई होण्याच्या आधीं व नंतर चित्र घ्यावें. चांगला घड्याळजी ह्यास कधीं हरकत घेत नाहीं. उलट आपल्या धंद्यांतील कोणास एवढी आस्था आहे हें पाहून चार गोष्टी अधिक सांगतो, व त्या टिपून घेण्यासारख्या असतात.

चित्राबरोबर टिपण हवें. घड्याळ कोठें, केव्हां, कितीस मिळालें. विकणारानें काय सांगितलें. व आपणास स्वतः काय दिसलें. ह्यांतील शेवटचीं दोन एका रकान्यांत मिसळूं नयेत. 'आजोबा इराकच्या लढाईवर होते, त्यांचें हें घड्याळ' हें आप्तवाक्य आहे. कड्या तारेच्या आहेत हें प्रत्यक्ष आहे. दोहोंवरून जें निघेल तें अनुमान. आप्त खरोखर आप्त आहे कीं व्यापारी, एवढें मात्र पाहावें लागतें.

येथें पूर्वपक्ष असा येतो कीं, वडिलांचें घड्याळ मुलानें हातावर बांधावें, त्यासाठीं तें स्वच्छ व सुंदर करून घ्यावें, ह्यांत पाप काय ? कांहींहि नाहीं. वस्तु ज्याची त्याची, आणि चालतें घड्याळ बंद घड्याळापेक्षां केव्हांहि बरें. यंत्र साफ करून तेल घालावें, फुटकी कांच बदलावी. परंतु तबकडी रंगविण्याऐवजीं, मिळत असल्यास दुसरी बसवावी व मूळची कागदाच्या पुडींत घालून ठेवावी. जनतेसारख्या लाखोंनीं निघालेल्या घड्याळाचे भाग अद्यापि मिळतात. पाठीवर नांव असेल तर तेथें घांसण्याचें चाक लावूं देऊं नये, हें दुकानदारास आधीं बजावून सांगावें व पावतीवर लिहून घ्यावें.

संग्रहास फार द्रव्य लागतें हा समज खरा नाहीं. विषय अरुंद घ्यावा. केवळ देवनागरी अक्षरांच्या तबकड्या, किंवा केवळ मुंबईचें नांव असलेल्या, किंवा एकाच तालुक्यांतील घरांत सांपडणारीं भेटीचीं घड्याळें, एवढा विषय एका माणसाच्या उतारवयास पुरून उरतो. पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोर बाजारांत फिरण्यानें नजर तयार होते, पण तेथें वस्तूचा पूर्वेतिहास तुटलेला असतो. खरी साधनें घरांघरांतील कपाटांत आहेत, आणि तीं विकत घेण्याची गरजच नाहीं. माझ्या संग्रहांतील चित्रांच्या वह्यांत जेवढीं घड्याळें आहेत त्यांच्या दहावा हिस्साहि माझ्या मालकीचीं नाहींत. घरच्या मंडळींनीं डबा उघडून दाखविला, चहा दिला, घड्याळ कोणाचें तें सांगितलें; मीं चित्रें घेऊन त्यांची एक प्रत त्यांस दिली. मोडी कागदांच्या बाबतींत जीं घरें दार लावून घेतात तींहि घड्याळ दाखविण्यास नाहीं म्हणत नाहींत, कारण त्यावरून वतनाचा दावा उभा राहत नाहीं !

जीं घड्याळें पदरीं असतील तीं कोरड्या जागीं ठेवावीं. डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालून त्या अधूनमधून बदलाव्या. चामड्याचा जुना पट्टा घड्याळावर तसाच ठेवूं नये, कारण त्यांतील घामाच्या क्षारांनीं पाठीचा धातु खातो. पट्टा काढून निराळ्या पाकिटांत, त्याच घड्याळाचा क्रमांक घालून ठेवावा. पट्ट्याच्या आंतल्या बाजूस कधीं कधीं दुकानाचा शिक्का असतो, व भोंकांपैकीं कोणतें ताणून मोठें झालें आहे त्यावरून बांधणाराच्या मनगटाचें माप मिळतें.